रोमन अंकांची गाडी ३९९९ वर का थांबवायची?

शिलालेखवेडा
"३९९९ च्या पुढची संख्या रोमन अंकांत लिहिताच येत नाही" हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता स्वस्थ बसवत नाही. एकच चिन्ह तीनपेक्षा जास्त वेळा नको (म्हणून हजाराचे एमही तीनच), ही अट नंतरच्यांनी पक्की केली. खुद्द रोमन लोक चार आय, चार एक्स बिनदिक्कत कोरत आणि लाखांतही लिहीत. इ.स.पू. २६० मध्ये रोमन सेनानी गायस डुइलियसने सिसिलीजवळच्या मायलीच्या आरमारी लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला हरवलं. त्याच्या विजयस्तंभाच्या लेखात (आज आहे तो साम्राज्यकाळात पुन्हा कोरलेला, फुटका दगड) लुटीचा आकडा देताना एक लाखाचं चिन्ह वीसहून अधिक वेळा ओळीने आलंय. मध्ये उभी रेघ, दोन्ही बाजूंना तीन-तीन कंस. कंस दोन-दोन असले की दहा हजार, एकेक असला की हजार. पुढे अंकाच्या डोक्यावर आडवी रेघ मारून हजारपट करायची सोय आली. सव्वा लाख म्हणजे सीएक्सएक्सव्ही (१२५) आणि वर एक रेघ, झालं! शाळेत हे शिकवायलाच हवं.

हिशेबनीस
साफ असहमत. एकच चिन्ह वीस वेळा कोरावं लागतं यातच सगळं आलं. मोजताना एक सुटलं की लाखाचा फरक.

आणि त्या रेघेचं कौतुक तर नकोच. रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय: सम्राट ऑगस्टसची विधवा लिव्हिया हिने मृत्युपत्रात गाल्बाला (पुढे सम्राट झाला तोच) ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ठेवले होते. रक्कम अक्षरांत नव्हती, नुसत्या अंकांत होती. वारस होता तिचा मुलगा, सम्राट टायबेरियस. त्याने ती ५ लाखांवर आणली आणि गाल्बाच्या हाती तेवढेही पडले नाहीत. हे जमण्यासारखं कसं होतं ते बघा. डी म्हणजे ५००. वर नुसती रेघ दिली की हजारपट, म्हणजे ५ लाख. तीच रेघ दोन्ही बाजूंनी खाली उतरवली की लाखपट, म्हणजे ५ कोटी. दोन छोट्या उभ्या रेघा आणि ४ कोटी ९५ लाखांचा फरक! आपल्या पावतीवर 'अक्षरी रुपये' ही ओळ उगाच नसते.

शिलालेखवेडा
टायबेरियसची नियतच खोटी, त्याला अंक काय करणार? १२९९ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने हिशेबाच्या वह्यांत भारतातून अरबांमार्फत गेलेल्या अंकांनाच बंदी घातली होती. खाडाखोडीची भीती हे त्यामागचं कारण सांगतात. शून्याचा सहा तर कुणीही करेल.

हिशेबनीस
मग रेघेची दुसरी गोची सांगतो. कित्येक लेखांत ती रेघ 'हा अंक आहे, अक्षर नव्हे' एवढंच सांगायला असते. हजारपट कुठे आणि नुसती खूण कुठे, हे वाचणाऱ्याने दरवेळी संदर्भावरून ठरवायचं. ज्या खुणेचे दोन अर्थ होतात तिच्यावर पैशाचा व्यवहार करू नये.

घाटवाट
दोघांनाही जुन्नरजवळच्या नाणेघाटात न्यायला हवं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणीचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे ब्राह्मी अंकांत आहेत. शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. पण हजाराच्या चिन्हालाच चाराचं चिन्ह जोडलं की ४०००, सहाचं जोडलं की ६०००, विसाचं जोडलं की २०,०००. गुणाकार चिन्हातच! डुइलियसच्या स्तंभावर नेमकं हेच नाही, म्हणून तिथे लाखांची रांग लागली. त्यामुळे 'शून्य नसल्यामुळे रोमन अडले' हेही अर्धंच खरं.

फळा-खडू
मी पाचवीला शिकवते. मुलांना लाखाचं स्थानमूल्य बसवतानाच दमछाक होते. त्यात ही रेघ आणू नका, हात जोडते.

शिलालेखवेडा
पाचवीला नको, मान्य. रेघेचे दोन अर्थ होतात हेही खरं, त्यामुळे ती हिशेबाला वापरा असं मी म्हणणार नाही. पण आठवी-नववीच्या इतिहासात डुइलियसचा स्तंभ आणि नाणेघाट शेजारी-शेजारी दाखवायला काय हरकत आहे? आणि ते 'लिहिताच येत नाही' तेवढं पुस्तकांतून काढा.

हिशेबनीस
इतिहासात दाखवा, माझी ना नाही. गणितात नको.