कुंपण उंच केलं की चोऱ्या थांबतात का?

पायवाट: आमच्या इमारतीमागच्या बोळात गेल्या महिन्यात एका शेजारणीची पर्स हिसकावली. बैठकीत ठरत आलंय की कुंपणाची भिंत आठ फूट करायची, वर काचा लावायच्या आणि बोळाच्या तोंडाशी फ्लडलाइट बसवायचा. माझं मन घेत नाहीये, पण विरोध करायला मुद्देही नाहीत. कुणी सांगेल का?

पहारेकरी: कॅमेरे लावा. बाकी सगळा वेळकाढूपणा.

बागवान: भिंतीची घाई करू नका. मी सतरा वर्षं बागा आणि मोकळ्या जागा आखतोय. सुरुवातीला एका पायवाटेला मी खांद्याएवढी मेंदी लावली होती. दिसायला देखणी! सहा महिन्यांत बायका पायवाट सोडून गाड्यांच्या रस्त्याने चालू लागल्या. एका रात्री मी स्वतः तिथून गेलो, तेव्हा दोन पावलांवर उभा असलेला माणूस मला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी मेंदी गुडघ्यापर्यंत कापली. तेव्हापासून झुडूप दोन फुटांवर वाढू देत नाही आणि फांदी सहा फुटांखाली उतरू देत नाही. मधून नजर आरपार जायला हवी.

तुमच्या भिंतीचंही तेच. चोर एकदा आत आला की तीच भिंत त्याला लपवणार. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्येच लिहिलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर सतत असणाऱ्या लोकांच्या नजरेमुळे. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीत अकरा मजली ३३ इमारती होत्या. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबायची, उरलेल्यांनी जिने चढायचे. ते जिने आणि लांब व्हरांडे कुणाचेच नव्हते, आणि लोकांना तिथेच लुटायचे. १९७२ पासून त्या इमारती पाडायला घेतल्या. दोष एकट्या नकाशाचा नव्हता, गरिबी होती, देखभालीला पैसा नव्हता. पण नकाशाने भर घातली.

उजेडाचा उपयोग मात्र नक्की होतो. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहतींत जास्तीचे दिवे लावून पाहिले, तेव्हा रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पण तोंडाशी एकच फ्लडलाइट लावलात तर डोळे दिपतील आणि त्यापलीकडचा बोळ आणखी काळा दिसेल. कमी उंचीचे, झाकण असलेले दिवे सारख्या अंतरावर लावा. समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-पंधरा मीटरवरून ओळखू आला पाहिजे.

पहारेकरी, वाहनतळावर कॅमेऱ्यांचा गुण येतो, मान्य. पण बोळात अडकलेल्या बाईच्या हाकेला ओ द्यायला माणूस लागतो. त्या बोळावर कुणाच्या खिडक्या उघडतात?

पायवाट: फक्त न्हाणीघरांच्या. तळमजल्यावर एक बंद खोली आहे, मोडक्या सायकलींची.

बागवान: ती रिकामी करा. बोळाकडच्या भिंतीत मोठी खिडकी पाडा आणि संध्याकाळच्या बैठका, मुलांचा अभ्यास तिथे हलवा. त्याआधी एक करा: रात्री नऊला दोघी-तिघी मिळून दोन्ही टोकांकडून चालत या आणि पुढचं दिसेनासं होतं तिथे खडूने खूण करा. त्या शेजारीणबाईंची तयारी असेल तर त्यांनाही न्या. तो कुठे उभा होता, हे त्यांना कुणी विचारलंय का?

पायवाट: काल गेलो होतो, त्याही आल्या. खडूच्या चार खुणा झाल्या. तो मीटरच्या कपाटाआड उभा होता, म्हणजे आमच्याच कुंपणाच्या आत, आणि आला होता उघड्या फाटकातून. बैठकीत हे कुणीच विचारलं नव्हतं. कपाट हलवता येईल का, उद्या वायरमनला विचारते.