मदत हवी आहे: मावशीचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर परतलाय, लस आणि इम्युनोथेरपी एकत्र देणारी चाचणी कुठे चालू आहे का?

नमस्कार. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. मावशी ५६ वर्षांची. किमो, रेडिएशन, ब्रेकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन) सगळं गेल्या वर्षी झालं. आता पेट स्कॅनमध्ये पोटातल्या गाठींत आजार पुन्हा दिसलाय. पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आलं, म्हणून डॉक्टर किमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं म्हणताहेत.

घरात एकजण म्हणाले, मुलींना देतात ती एचपीव्हीची (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची) लस हिलाही देऊन टाका. ती संसर्गाआधीची. विषाणूच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, झालेल्या कॅन्सरवर तिचा उपयोग नाही. मी विचारतेय ती उपचाराची लस. कॅन्सरच्या पेशी एचपीव्हीची ई६ आणि ई७ ही प्रथिनं सतत बनवत राहतात. एक पी५३ ला संपवतं, दुसरं आरबीला, म्हणजे पेशींची वाढ आवरणाऱ्या प्रथिनांना. ही लस टी-पेशींना (शरीराच्या संरक्षक पेशींना) नेमकी ई६ आणि ई७ ओळखायला शिकवते. पण गाठीपाशी पोचलेल्या टी-पेशींना पीडी-एल१ थोपवून धरतं, म्हणून जोडीला तो अडसर काढणारं औषध हवं.

आयएसए१०१ ही अशी लस आणि निव्होलुमॅब हे अडसर काढणारं औषध एकत्र दिलेल्या अभ्यासात एचपीव्ही-१६ या प्रकारामुळे कॅन्सर झालेल्या २४ पैकी ८ रुग्णांच्या गाठी चांगल्या आकसल्या. हे २०१९ साली छापून आलं. वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पुन्हा नीट पाहिलं तर जवळजवळ सगळे घशाच्या कॅन्सरचे, गर्भाशयमुखाची एकच, आणि तुलनेला दुसरा गट नाही. तरी मन तिथेच अडकलंय. आई गेल्यापासून मला मावशीनेच वाढवलं.

अशी चाचणी भारतात कुठे असेल तर कृपया सांगा. अवंतिका एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठू. आणि खरी धास्ती ही, की आता पेम्ब्रो सुरू केलं तर पुढे लसीच्या चाचणीत घेणार नाहीत का?

प्रतिसाद: ताई, आधी चेकपॉइंट औषध (पेम्ब्रोसारखं, अडसर काढणारं) घेतलेल्यांना बऱ्याच चाचण्या घेत नाहीत, पण काही चाचण्या खास अशाच रुग्णांसाठी असतात. नसलेल्या चाचणीसाठी हातातला उपचार मात्र थांबवू नका, पेम्ब्रोने जगण्याचा काळ वाढतो हे मोठ्या चाचणीत सिद्ध झालंय. सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदणीच्या साइटवर आजाराचं नाव टाकून शोधा, केंद्राचा पत्ता आणि फोन तिथेच मिळतो. बायोप्सीवर एचपीव्हीचा प्रकार तपासलाय का? बऱ्याच लसी फक्त १६ साठी आहेत.

धागाकर्ती: रिपोर्टात नुसतं 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' लिहिलंय. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) इथल्याच लॅबमध्ये आहे, सोमवारी जाऊन प्रकार तपासायला देते. पेम्ब्रोची तारीख पुढे ढकलत नाही.