कॉम्बो अ‍ॅम्पला बाहेरचं कॅबिनेट जोडायचंय, जॅक कुठे बसवू?

सहा_तारा
माझ्याकडे गिटारचा २० वॅटचा ट्रान्झिस्टर कॉम्बो आहे, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात. आत ८ इंची स्पीकर, मॅग्नेटवर ८ ओहम छापलंय. एकट्याने वाजवायला ठीक, पण ड्रमसोबत गिटारच्या जाड तारांचा आवाज खोक्यातच कोंडतो. मित्राचं १२ इंची स्पीकरचं कॅबिनेट मोकळं पडलंय, तेही ८ ओहम. अ‍ॅम्पला बाहेरच्या स्पीकरचा जॅक नाही, नुसता हेडफोनचा आहे. त्यातून चालेल का? नाहीतर चेसिसला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) भोक पाडून जॅक बसवेन, सोल्डरिंग जमतं. दोन्ही स्पीकर एकत्र वाजले तर अजूनच बरं.

खर्ज
हेडफोन जॅक सोडा. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये त्या वाटेवर रेझिस्टर असतो, कॅबिनेट जेमतेम कुजबुजेल. आणि दोन ८ ओहम पॅरलल केले की ४ होतात. अ‍ॅम्पवर किमान ८ लिहिलं असेल तर आउटपुटचा आयसी, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारी चिप, तापेल.

तापलेलं_टोक
कृपा करून चेसिसला भोक पाडू नका. स्पीकरची काळी तार म्हणजे ग्राउंड, असं सगळेच धरून चालतात आणि तिथेच घात होतो. पुष्कळ ट्रान्झिस्टर गिटार अ‍ॅम्पमध्ये स्पीकरचं निगेटिव्ह टोक एका ओहमपेक्षाही लहान रेझिस्टरमधून ग्राउंडला जातं. त्यावरचा व्होल्टेज फीडबॅकसाठी, म्हणजे अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये परत नेण्यासाठी, वापरतात. धातूचा जॅक चेसिसला कसला की तो रेझिस्टर बायपास होतो आणि अ‍ॅम्पचा गेन आणि टोन दोन्ही बदलतात. आउटपुट ब्रिज पद्धतीचा असेल तर दोन्ही तारा जिवंत असतात. त्यातली एक चेसिसला टेकली तर आयसी जाऊ शकतो.

त्यापेक्षा जॅक तारेतच घ्या. स्पीकरच्या टर्मिनलवरचे लग (तारांच्या टोकांच्या धातूच्या क्लिपा) काढा, अ‍ॅम्पकडून येणाऱ्या तारांना पाव इंची सॉकेट लावा, आतल्या स्पीकरच्या तारांना पाव इंची पिन. सॉकेट प्लॅस्टिकच्या खोळीचं घ्या आणि मोकळं लोंबू देऊ नका, लाकडाला क्लिपने बांधा. आतला हवा तेव्हा आतला, बाहेरचा हवा तेव्हा बाहेरचा. अ‍ॅम्प विकायचा झाला तर लग परत लावले की झालं.

पिन बदलताना अ‍ॅम्प बंदच हवा, कारण आत सरकताना ती क्षणभर दोन्ही टोकं शॉर्ट करू शकते. केबल स्पीकरचीच वापरा. गिटारच्या केबलमधली आतली तार बारीक असते, ती एवढ्या करंटसाठी बनवलेली नसते.

दोन्ही एकत्र हवेच असतील तर सिरीजमध्ये जोडा. १६ ओहम होतील, अ‍ॅम्प सुखरूप राहील, पॉवर साधारण निम्मी होईल. मला विचाराल तर एकटा १२ इंची वाजवा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर तो किती मोठा वाजतो, हे लोक बघतच नाहीत. सेलेस्टियन कंपनीचा ‘ग्रीनबॅक’ स्पीकर ९८ डेसिबल, त्यांचाच ‘व्हिंटेज ३०’ १०० डेसिबल. ३ डेसिबल मिळवायला अ‍ॅम्पची पॉवर दुप्पट करावी लागते, हे लक्षात घेतलं की त्या दोन डेसिबलची किंमत कळते.

सहा_तारा
तारेत सॉकेट घेतलं, एकटा १२ इंची लावला. जाड तारा आता ड्रममागून स्पष्ट ऐकू येतात, मनापासून आभार! काळी तार ते चेसिस मोजलं, मीटर ०.५ ओहम दाखवतो. म्हणजे रेझिस्टर आहे?

तापलेलं_टोक
मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघा. तिथेही ०.५ आलं तर तो मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स आहे. एवढं लहान माप साध्या मीटरवर भरवशाचं नसतं.

खर्ज
माझा १५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे. त्यालाही हेच करू?

तापलेलं_टोक
करता येईल, पण एक धोका वाढतो. सॉकेट रिकामं असताना अ‍ॅम्प कधीच चालू करू नका. लोड नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. कॅबिनेटचे ओहम ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या गुंडाळीच्या) टॅपशी, म्हणजे तिच्या ज्या टोकाला स्पीकर जोडलाय त्याच्या ओहमशी, जुळवा. आणि चेसिस उघडू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात, आणि या कामाला आत हात घालायची गरजच नाही.