उत्तर येतं तरी मार्क जातात, सायन्सच्या वाकड्या प्रश्नांचं काय करायचं?

अबोली_फुललेली

मुलगा पाचवीत आहे. सायन्स त्याचा अगदी जीव की प्राण, घरात दिवसभर हे असं का आणि ते तसं का चालू असतं, माझं डोकं खातो नुसता. पण पेपर हातात आला की २० पैकी ११ नाहीतर १२. रिकाम्या जागा, जोड्या लावा सगळं बरोबर, आणि जिथे "कारण सांगा" किंवा चित्र देऊन "काय होईल ते लिहा" असं असतं तिथे धडाधड मार्क गेलेले.

मागच्या पेपरातले तीन प्रश्न सांगते. एक, बर्फाचं पाणी भरलेल्या ग्लासला बाहेरून थेंब आले, ते कुठून आले? याने लिहिलं "ग्लास थंड होता म्हणून". अर्धा मार्क. दोन, ओल्या कापसावर बिया ठेवून एक ताटली खिडकीत आणि एक बंद कपाटात ठेवली, कुठल्या बिया उगवतील? याने लिहिलं खिडकीतल्या, कारण झाडाला सूर्यप्रकाश लागतो. चूक! (खरं सांगायचं तर मीसुद्धा हेच लिहिलं असतं.) तीन, अ आणि ब अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या तर दोन्ही चुंबक आहेत असं म्हणता येईल का? याने ठणकावून "हो" लिहिलंय.

मग मी गाईड आणलं आणि नमुना उत्तरं पाठ करून घेतली. पुढच्या टेस्टला ग्लासच्या जागी आंघोळीनंतर धुरकट झालेला आरसा आला आणि या बाबाने ग्लासचं पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं, बर्फासकट. बाईंनी लाल पेनाने लिहिलंय "आरशात बर्फ कुठून आला?" मी हसले आणि तो रडला, "आई मला येत होतं गं" म्हणून. आता पाठांतर बंद केलंय पण त्याऐवजी करायचं काय तेच कळेना. कुणी आपल्या मुलांचं असं काही सुधारलंय का?

खडू_डस्टर

बरीच वर्षं प्राथमिकला सायन्स शिकवतेय आणि गठ्ठ्याने पेपर तपासलेत म्हणून थोडं लांबण लावते. तुमचे तीन प्रश्न म्हणजे तीन वेगळी दुखणी आहेत, सगळ्यांना एकच औषध दिलंत तर गुण येणार नाही.

ग्लासवाल्यात मुलाला माहीत आहे पण त्याने गोष्टीचा शेवटच सांगितला आणि सुरुवात गिळली. बहुतेक मुलं हेच करतात, कारण हवेतली वाफ डोळ्यांना दिसत नाही, मग ती उत्तरात तरी कशी येणार? तपासणारा शोधत असतो की पाणी आधी कुठे होतं, ते कशाला लागलं, मग त्याचं काय झालं. म्हणजे आजूबाजूच्या हवेतली पाण्याची वाफ ग्लासच्या थंड पृष्ठभागाला लागली, तिची उष्णता ग्लासकडे गेली आणि संघनन होऊन तिचे थेंब झाले. यातला एक जरी दुवा सुटला तरी मार्क जातो. पण हे वाक्य पाठ करून घेऊ नका, त्याला फक्त दोन गोष्टी विचारा: ओली हवा कुठल्या बाजूला आहे आणि गार काय आहे? आरशाला लावा, गरम पाण्याची वाफ खोलीत आहे आणि आरसा तिच्यापेक्षा गार, झालं. खिडकीच्या काचेला लावा, थंडीत खोली उबदार असेल तर थेंब आतून येतात आणि दमट उकाड्यात खोलीत एसी गारठून चालू असेल तर बाहेरून. हा आतून का बाहेरून वाला प्रश्न पेपर काढणाऱ्यांचा फार लाडका आहे.

आणि एकदा घरी करून दाखवाच. ग्लासात रंगीत पाणी घाला, बाहेरचे थेंब बिनरंगाचे येतात, म्हणजे ते पाणी आतून झिरपलेलं नाही हे त्याला स्वतःलाच दिसेल. किंवा झाकण घट्ट लावलेली गार बाटली वजनकाट्यावर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं बघत बसा.

बियांचं दुखणं वेगळं, तिथे समजच चुकीची आहे. बीमध्ये स्वतःची शिदोरी असते, तिला उगवायला पाणी, हवा आणि बेताची ऊब लागते, प्रकाश लागतो तो पानं फुटून स्वतःचं अन्न करायची वेळ आली की. (काही बारीक बियांना उजेड लागतो पण पाचवीत त्या वाटेला जाऊ नका.) कपाटातलं रोप उगवतं, लांबडं होतं, पिवळट पडतं. हे चार-पाच दिवसांत घरी दिसतं आणि एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही.

चुंबकाचा प्रश्न तर सायन्सपेक्षा तर्काचा आहे. चुंबक साध्या लोखंडालाही ओढतो, म्हणून चिकटले यावरून एवढंच कळतं की दोघांपैकी निदान एक चुंबक आहे. दोघं एकमेकांना ढकलत असतील तरच दोन्ही चुंबक असं छातीठोक म्हणता येतं. मुलाला विचारायचं, "असं दुसऱ्या कुठल्या कारणाने होऊ शकतं का रे?" माझ्या मते प्राथमिकच्या निम्म्या वाकड्या प्रश्नांची किल्ली या एका प्रश्नात आहे.

उगाच_एक

आमच्या कन्येचं अजरामर उत्तर ऐका. प्रश्न: वटवाघूळ उडतं तरी पक्षी का नाही? उत्तर: कारण ते उलटं लटकतं.

शून्य मिळाला. मी तिच्या बाजूने होतो.

भिंगरी७

@उगाच_एक 😂😂 पण यात खरंच एक गोम आहे, मुलं डोळ्यात भरणारी गोष्ट लिहितात, गटाची खूण लिहीत नाहीत. आमच्याकडे यावर एक खेळ चालतो, कुणी खूण सांगितली की दुसऱ्याने ती मोडून दाखवायची. "पक्षी म्हणजे उडतो तो", मोडा बघू? पेंग्विन उडत नाही. "पक्षी म्हणजे अंडी घालतो तो", मोडा, साप घालतो, मासे घालतात. मोडत मोडत शेवटी पिसं उरतात. वटवाघळाच्या अंगावर केस आहेत, पिलाला जन्म देतं, दूध पाजतं, म्हणून सस्तन. कोळी कीटक नाही कारण पाय आठ, कीटकाला सहा. अळंबी वनस्पती नाही, ती स्वतःचं अन्न तयार करत नाही. गाडीत बसल्या बसल्या होतं हे, वही लागत नाही पुस्तक लागत नाही.

अजून एक, प्रयोगाचे प्रश्न. चित्रात दोन कुंड्या, दोन ग्लास, दोन दिवे असं जोडीने काही दिसलं की आधी प्रश्न वाचायचाच नाही, दोन्ही चित्रांवर बोट ठेवून फरक कुठे आहे तो शोधायचा आणि त्याला गोल करायचा. तो गोल म्हणजेच प्रयोग कशाबद्दल आहे त्याचं उत्तर. आणि "दोन्हीत पाणी सारखंच का घेतलं?" याला माझा लेक कायम लिहायचा "प्रयोग नीट व्हावा म्हणून", त्याला काही मिळत नाही हो. लिहायचं असं की पाणी कमीजास्त असतं तर फरक पाण्यामुळे पडला की उजेडामुळे हे कळलं नसतं. आणि तुलना विचारली की "पेक्षा" शब्द आलाच पाहिजे, नुसतं "बर्फ लवकर वितळला" नाही, कुणापेक्षा ते लिही म्हणावं.

रिटायर्ड_आजोबा

नातवाने लिहिले, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. मी रागावलो नाही. त्याला म्हटले, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटर. आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. मग जानेवारीत उत्तर गोलार्धात कडाक्याची थंडी का? बराच वेळ गप्प होता. मग बॅटरी आणि चेंडू घेऊन बसलो, चेंडू कलता धरला तेव्हा उजेड एकीकडे सरळ आणि दुसरीकडे तिरका पसरून पडतो हे त्यानेच दाखवले. चुकीचे उत्तर खोडून बरोबर सांगितले की मुले मान डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा जुनेच लिहितात. आधी त्यांचे उत्तर त्यांच्याच डोळ्यासमोर अडले पाहिजे.

तिरपा_डोळा

सगळं मान्य, पण दर वेळी मुलालाच का सुधारायचं? ॲन्सर की चुकीची असते त्याचं काय? आमच्या मुलीला "आपण उच्छ्वासात कोणता वायू सोडतो" असा प्रश्न होता, तिने लिहिलं की सोडलेल्या हवेतसुद्धा कार्बन डायऑक्साईडपेक्षा ऑक्सिजन जास्त असतो. शून्य! अहो बरोबर आहे ते, आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, सोडलेल्या हवेत १६-१७ टक्के, आणि कार्बन डायऑक्साईड ४ टक्क्यांच्या आसपास, दोन्हीकडे सगळ्यात जास्त असतो तो नायट्रोजनच. भेटायला गेलो तर म्हणे "पुस्तकात आहे तेच लिहायचं".

आणि ती मेणबत्ती! ताटलीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर ग्लास पालथा, पाणी आत चढतं, का? गाईडमध्ये छापलंय ऑक्सिजन जळून जागा रिकामी झाली. मग पाणी ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं ना? नीट बघा, ते बहुतेक सगळं ज्योत विझल्यावर सर्रकन चढतं, कारण आतली तापलेली हवा गार होऊन आकसते. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघतात तेही बघा, तापून फुगलेली हवा बाहेर पडत असते ती. आणि ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो.

खडू_डस्टर

मेणबत्तीचं तुमचं बरोबर आहे आणि हा प्रश्न त्या उत्तरासकट पेपरातून काढायला हवा असं मीही म्हणत आलेय. पण मुलीच्या उत्तराबद्दल थोडं वेगळं मत. प्रश्न "कोणता वायू सोडतो" असा असेल तर तिचं वाक्य खरं आहे पण विचारलेल्याचं उत्तर नाही. "आत घेतलेल्या हवेपेक्षा सोडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साईड जास्त असतो, तरी ऑक्सिजनही बराच असतो" असं लिहिलं असतं तर मी स्वतः पूर्ण मार्क देऊन शेजारी शाबास लिहिलं असतं. शून्य मात्र मीही दिला नसता.

तिरपा_डोळा

हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणते प्रश्नच वाकडा होता. असो.

अबोली_फुललेली

आठवडा झाला, अपडेट देते. फ्रीजमधली झाकण लावलेली बाटली बाहेरून कोरडी पुसून काट्यावर ठेवली, ५१२ ग्रॅम. हा समोर गाल टेकवून बसलेला. ५१३ झालं तेव्हा म्हणाला काटा बिघडलाय. ५१५ ला म्हणाला बाटली पाणी पितेय. मग मी पुसली, परत ५१२! तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं, आणि मग स्वतःहून म्हणाला "हवेतलं आहे हे". मी एक अक्षर बोलले नव्हते. कपाटात बियाही ठेवल्यात, रोज चार वेळा कपाट उघडून बघतो त्यामुळे तो अंधार कितपत धरायचा ते तुम्हीच ठरवा.

पण आता नवीनच. काल रात्री झोपता झोपता विचारतो, "आई, वाफेची उष्णता गेली म्हणून थेंब झाला ना, मग ती उष्णता गेली कुठे?" मी म्हटलं झोप. @खडू_डस्टर सांगा बाई आता.

खडू_डस्टर

बाटलीत! तिथेच गेली. म्हणून तर दमट हवेत गार पाणी लवकर कोमट होतं, नुसत्या गरम हवेने होतं त्याहून लवकर. पेपरात हे यायचं नाही, पण त्याला आजच सांगा, सकाळपर्यंत थांबू नका.

उगाच_एक

कन्या विचारतेय बाटली उलटी लटकवली तर?