फायब्रोमायल्जिया: बऱ्या दिवशी किती काम करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४३, ठाण्यात पाचपाखाडीला राहते, नोकरी रबाळेला अकाउंट्समध्ये, रोज ट्रान्सहार्बर लोकलने येजा. जानेवारीत रुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवात तज्ज्ञ) फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सततचं दुखणं, आहे असं सांगितलं, त्याआधी अडीच वर्षं नुसती फिरत होते.

सुरुवात मानेपासून, मग खांदे, कंबर, मांड्या, आता कुठे दुखत नाही तेवढं विचारा. आठ तास झोपून उठलं तरी अंग असं की रात्रभर कोणी वरवंटा फिरवलाय. पर्सचा पट्टा खांद्यावर सहन होत नाही, लेक गळ्यात पडली की आधी दचकते मी. थायरॉइड, बी१२, संधिवात, सूज अशा सगळ्या रक्ततपासण्या झाल्या आणि व्हिटॅमिन डी३ थोडं कमी सोडून सगळं नॉर्मल. एका दवाखान्यात तर "मॅडम मन कशाततरी रमवा" एवढं सांगून सातशे रुपये घेतले.

या रुमॅटॉलॉजिस्टनी मात्र निदान नीट बसून समजावलं. मी वाचून गेले होते की अंगावरचे १८ पॉइंट दाबतात आणि ११ दुखले की झालं, तर ते म्हणाले ती १९९० ची पद्धत, २०१० पासून कुठेकुठे दुखतं, झोप कशी, थकवा, विसरभोळेपणा आणि हे तीन महिन्यांच्या वर आहे का ते बघतात. सांधे झिजत नाहीत म्हणे, मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचा सिग्नल वाढवून घेतात. म्हणजे गाणं साधंच, पण कोणीतरी ते हळदीच्या डीजेला जोडलंय. रात्री प्रीगाबालिन ही दुखण्यावरची गोळी चालू आहे. झोप जरा बरी, पण मागच्या आठवड्यात रबाळेला उतरायचं सोडून घणसोलीला पोचले, ते गोळीमुळे की आजारामुळे कोण जाणे.

आता खरा प्रश्न. गेल्या रविवारी खूप दिवसांनी मोकळं वाटलं म्हणून माळा काढला, पितळेची भांडी घासली, पडदे धुतले, संध्याकाळी वाटाणेही सोलले. सोमवार ते बुधवार आडवी. दर वेळी हेच होतं. सासूबाई वाईट नाहीत हो, पण रविवारी मला स्टुलावर चढलेलं बघितल्यावर मंगळवारी दुखतंय म्हटलं तर त्यांना कसं पटावं? माझं मलाच पटत नाही. तर बरं वाटतंय त्या दिवशी किती करायचं हे तुम्ही कसं ठरवता? आणि गर्दीत दिव्यांगांच्या डब्यात चढता येतं का?

खाडीकाठची: मी कोपरखैरणे, फायब्रोला सहा वर्षं झाली. डब्याचं आधी सांगते, दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रो नाही, त्यामुळे नुसत्या यावर दिव्यांगाचं सर्टिफिकेट मिळत नाही. मी ऑफिसात बोलून वेळ अकराची करून घेतली, बसायला मिळतं. कामाचं म्हणशील तर दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधी थांबायचं, आणि हे अंगाला विचारून कळत नाही, घड्याळ लावावं लागतं. मी चालायला सुरुवात सात मिनिटांनी केली, हसू नकोस. वाईट दिवशी जमेल तेवढंच बऱ्या दिवशीही, दोन आठवडे तेच, मग एक मिनिट वाढवायचं. बऱ्या दिवशी हात आवरणं सगळ्यात कठीण. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ठामपणे सुचवलेली एकच गोष्ट आहे, व्यायाम. गोळ्या त्याच्या खाली.

गुळपोळी: माझ्या जावेने गहू पूर्ण बंद केला आणि महिन्यात ठणठणीत झाली!!

खाडीकाठची: गुळपोळी, जावेचं चांगलंच झालं, पण मी पाच महिने भाकरीवर काढलेत, काही फरक नाही, उलट दोन्ही वेळा थापून मनगटं गेली.

डबेवालीबाई: ताई, प्रीगाबालिन मनाने अचानक बंद करू नका, माझ्या बहिणीने केली आणि झोपेचा पार बट्ट्याबोळ झाला. घणसोलीचं डॉक्टरांना नक्की सांगा, गोळीने गुंगी येते. आणि उद्या सांधा सुजला, ताप आला, वजन उतरलं तर फायब्रोच असेल म्हणून गप्प बसू नका, ती लक्षणं याची नाहीत. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या. आमच्या आईला आमचं पटलं नाही, डॉक्टरांचं पटलं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज मेथी निवडताना मोबाईलवर दहा मिनिटं लावली. एक जुडी झाली, दुसरी सासूबाई निवडतायत, तोंडाने बडबड चालू आहे. व्हिजिट २२ तारखेला आहे, येते म्हणाल्यात. खाडीकाठची, तू चालायला किती वाजता जातेस? तलावपाळीला संध्याकाळी गेले तर फेरीपेक्षा धक्केच जास्त खाल्ले.