टॅबलेटचा कीबोर्ड अचानक बंद पडला आहे

प्रश्न: टॅबलेटला चुंबकाने जोडला जाणारा कीबोर्ड कालपासून एकही अक्षर उमटवत नाही, टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केला, तरी फरक नाही. दोष कुठे शोधावा?

पहिले उत्तर: अशा बहुतेक कीबोर्डांना वीज आणि संदेश दोन्ही कडेच्या बारीक धातूच्या टोकांतूनच मिळत असल्याने, त्यांवर साचलेला मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच कीबोर्ड जोडून पाहावा.

दुसरे उत्तर: सेटिंग्जमधील ‘स्लो कीज’ही तपासा. ते चालू असल्यास कळ क्षणभर दाबून धरल्याखेरीज अक्षर उमटत नाही आणि कीबोर्ड उगाच बदनाम होतो.

प्रश्नकर्ता: टोके पुसल्यावर अक्षरे उमटू लागली, मात्र स्क्रीनवरील कीबोर्ड आता दिसत नाही.

पहिले उत्तर: तो बिघाड नव्हे, बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असेपर्यंत तो सहसा आपोआप लपतो.