स्वयंसेवी श्वाननिवाऱ्याला मदत कशी करावी?

प्रश्न (म्हापसा): आमच्या वाड्यावरील जखमी कुत्र्यांना स्वयंसेवक घेऊन जातात. त्यांचे काम कसे चालते आणि पैशांखेरीज आपण काय देऊ शकतो?

उत्तर (फोंडा): उपचार, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्यावर रस्त्यावरील कुत्र्याला, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, जिथून उचलले तिथेच सोडावे लागते, कानाची खाच ही निर्बीजीकरणाची खूण. त्यामुळे ‘नेलाच आहे तर परत आणू नका’ हा शेजाऱ्यांचा आग्रह संस्थेला मानता येत नाही. खरी अडचण जागेची असते. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लांना गर्दीत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण लवकर होते, म्हणून दत्तक घर मिळेपर्यंत एखादे पिल्लू काही आठवडे सांभाळणे ही, माझ्या मते, देणगीहूनही मोठी मदत आहे.

उत्तर (मडगाव): सहमत. जुने टॉवेल, चादरी आणि वर्तमानपत्रेही द्यावीत. पावसाळ्यात धुतलेले काहीच वाळत नाही. मात्र आधी फोन करून गरज विचारावी.

उत्तर (डिचोली): जखमी कुत्र्याविषयी कळवताना छायाचित्र व नेमके ठिकाण पाठवून, शक्य असल्यास गाडी येईपर्यंत तिथेच थांबावे, कारण घाबरलेला प्राणी दूर निघून गेल्यास स्वयंसेवकांची फेरी वाया जाते.